‘शेअर’ एक, क्रियापदं तीन : वायफाय डायरेक्ट, मिररिंग, कास्टिंग यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

मधे राउटर किंवा इंटरनेट न घेता दोन उपकरणं आपापसात जोडून फाइली न्यायच्या, स्क्रीन दाखवायचा, यासाठीच्या वापरसूचना मराठीत लिहिताना काही शब्द अडतात. ‘वायफाय डायरेक्ट’ला ‘थेट बिनतारी जोडणी’ म्हणावं का? ‘फाइल शेअर करणे’ला ‘फाइल वाटणे’ बरोबर आहे का? ‘पेअरिंग’, ‘ग्रुप ओनर’, ‘मिररिंग’ आणि ‘कास्टिंग’ यांचं काय करायचं? मूळ शब्द देवनागरीत ठेवायला हरकत नाही, पण वाचणाऱ्याला नेमकं काय घडतं ते कळायला हवं.

प्रतिसाद १

‘वाटणे’ अजिबात नको. वाटलेली वस्तू वाटणाऱ्याकडे कमी होते. फाइल मात्र जिथल्या तिथे राहते, पलीकडे तिची नक्कल तयार होते. ‘शेअर’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या क्रिया लपल्या आहेत आणि मराठीत तिन्हींना आधीपासून शब्द आहेत.

फाइल आपण *पाठवतो*. पलीकडे स्वतंत्र प्रत जाते, नंतर इकडे केलेली दुरुस्ती तिकडे दिसत नाही. स्क्रीन आपण *दाखवतो*. पलीकडे काहीच साठत नाही, जोडणी तुटली की चित्र गेलं. फोल्डर आपण *सामायिक करतो*. वस्तू एकाच जागी राहते आणि दोघांना तिथे जाता येतं, सामायिक भिंतीसारखं. म्हणूनच ज्या संगणकावर तो फोल्डर आहे तो बंद केला की दुसऱ्यालाही तो उघडत नाही. ‘शेअर केलेली फाइल आता का दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं : फाइल पाठवली असा समज असतो आणि प्रत्यक्षात फोल्डर सामायिक केलेला असतो.

‘पाठवणे’ म्हटलं की पुढच्या सूचनाही आपोआप नीट लिहिल्या जातात. पाठवायचं तर घेणाऱ्याकडे जागा हवी. घेणारा फोन फाइल मेमरी कार्डावर उतरवत असेल आणि कार्ड फाइली मांडण्याच्या फॅट३२ या पद्धतीचं असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिथे मावत नाही, कार्ड १२८ जीबीचं आणि रिकामं असलं तरीही. तेव्हा फाइल फोनच्या आतल्या साठ्यात घ्यावी किंवा कार्ड एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करावं. फॉरमॅट केल्यावर कार्डावरचं सगळं पुसलं जातं, हे त्याच ओळीत लिहा.

प्रतिसाद २

‘थेट’बद्दल एक अडचण. ‘थेट जोडणी’ चांगलं आहे, पण स्क्रीनच्या बाबतीत ‘थेट’ आला की मराठी वाचक ‘थेट प्रक्षेपण’ वाचतो, म्हणजे घडतंय त्याच वेळी दिसणारं. ‘स्क्रीन थेट टीव्हीवर पाठवा’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात : राउटरशिवाय, किंवा लगोलग. त्यामुळे ‘थेट’ फक्त जोडणीला लावावा, चित्राला नाही.

आणखी एक शब्द सुचवावासा वाटतो : *परस्पर*. ‘त्यांनी परस्पर व्यवहार उरकला’ म्हणजे मधल्या माणसाला न घेता उरकला. राउटर हा इथे मधला माणूसच आहे. शिवाय ‘एकमेकांशी’ हाही अर्थ त्याच शब्दात आहे. वायफाय डायरेक्टचं तांत्रिक नाव पी-टू-पी आहे, म्हणजे बरोबरीच्या दोघांमधलं, ते ‘परस्पर जोडणी’त अचूक बसतं.

‘अॅड-हॉक’चा मराठी शब्द ‘तदर्थ’ मात्र इथे वापरू नका. वायफायमध्ये ‘अॅड-हॉक’ नावाची वेगळी, जुनी पद्धत आहे. तिच्यात कुठलंच उपकरण राउटरचं काम करत नाही आणि ती पुष्कळदा वेप या कमकुवत सुरक्षेवर चालायची. वायफाय डायरेक्टची प्रमाणपत्रं वायफाय अलायन्स ही संस्था २०१० पासून देऊ लागली. वायफाय डायरेक्टमध्ये डब्ल्यूपीए२ ही जास्त भक्कम सुरक्षा अनिवार्य आहे आणि दोघांपैकी एक उपकरण चक्क राउटरचं काम करतं.

प्रतिसाद ३

‘परस्पर’ला थोडा आक्षेप आहे. बोलण्यात त्याला ‘न विचारता, अपरोक्ष’ अशी छटा आहे. ‘तुमचा फोन परस्पर जोडला जाईल’ हे वाचून माणूस घाबरेल. ‘एकमेकांशी थेट जोडणी’ लांब आहे, पण शंका ठेवत नाही. ‘परस्पर’ विशेषण म्हणून ठेवा, ‘परस्पर जोडणी’ असं. क्रियाविशेषण म्हणून नको.

आता ‘ग्रुप ओनर’, म्हणजे जोडलेल्यांपैकी राउटरचं काम करणारं उपकरण. ‘गटमालक’ चूक, कारण मालकी कशाचीच नाही. ‘गटप्रमुख’ही फसवा आहे. प्रमुख गेला तर गट दुसरा निवडतो, असं आपण गृहीत धरतो. इथे तसं होत नाही. ते उपकरण बंद झालं किंवा लांब गेलं की गटच मोडतो आणि राहिलेल्यांना नव्याने जोडावं लागतं. *यजमान* हा शब्द बसतो : जागा तोच देतो, नेटवर्कमधला पत्ताही तोच देतो. अँड्रॉइडवर यजमानाचा पत्ता साधारणपणे १९२.१६८.४९.१ असतो, बाकीच्यांना त्याच रांगेतले पत्ते मिळतात.

यजमान कोण होणार, हे जोडताना ठरतं. प्रत्येक उपकरण ० ते १५ मधला एक आकडा सांगतं, ज्याचा मोठा तो यजमान. या ‘इंटेंट’ला ‘हेतू’ न म्हणता *पुढाकार* म्हणावं. १५ म्हणजे ‘मी यजमानच होणार’. दोघांनीही १५ सांगितले तर बोलणी फिसकटतात आणि वापरणाऱ्याला फक्त ‘जोडता आलं नाही’ एवढंच दिसतं. इतर आकडे सारखे आले तर निकालासाठी वेगळा एक बिट (० किंवा १) असतो, तिथे अडत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

‘यजमान’ आणि ‘पुढाकार’ दोन्ही पटले. ‘पेअरिंग’ला ‘जोडी जुळवणे’ लिहिलं होतं, पण मग ‘कनेक्ट’ला ‘जोडणे’ म्हटलं की दोन्ही एकच वाटतं.

प्रतिसाद १

कारण ‘जोड’ हा धातू दोन्हीकडे आला. पेअरिंगला *ओळख करून देणे* म्हणा. ओळख एकदाच होते, जोडणी दरवेळी. ब्लूटूथमध्ये ओळख होताना दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे येतात. ते जुळतात का हे बघूनच ‘हो’ म्हणायचं असतं, आणि हे काम माणसाचं आहे, म्हणून सूचनेत ‘आकडे दोन्हीकडे तेच आहेत का ते वाचून पाहा’ असं स्पष्ट लिहावं. नुसतं ‘पुष्टी करा’ लिहिलं की लोक न वाचता बोट टेकवतात.

बिघाडही या शब्दांनी समजावता येतो. एका उपकरणाने ओळख पुसली आणि दुसऱ्याने ठेवली, तर नाव यादीत दिसतं पण जोडणी होत नाही. ओळख होताना बनलेली गुप्त किल्ली एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही. उपाय : ओळख *दोन्हीकडून* पुसा, मग नव्याने करून द्या. एकाच बाजूने पुसून तेच पुन्हा होतं.

आणि ‘एमबी’ सांभाळा. मूळ लिपीत बिटसाठी लहान आणि बाइटसाठी मोठं अक्षर असतं, देवनागरीत दोन्ही ‘एमबी’च होतात. फरक आठ पटींचा आहे. वेगाच्या बाबतीत ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ पूर्णच लिहा. ब्लूटूथवरून फाइल सेकंदाला २ मेगाबिटने गेली तर १ जीबीला ४,००० सेकंद लागतील, म्हणजे तासाहून जास्त. परस्पर वायफायवर सेकंदाला २० *मेगाबाइट* मिळाले तर तीच फाइल ५० सेकंदांत जाते. म्हणून एअरड्रॉप, क्विक शेअर यांसारख्या फाइल पाठवण्याच्या सोयी ब्लूटूथ वापरतात ते मुख्यतः जवळ कोण आहे हे शोधायला, आणि मोठी फाइल वायफायने नेतात. सूचनेत ‘ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू ठेवा’ असतं त्याचं कारण हेच. अँड्रॉइड १२ पर्यंत वायफाय डायरेक्टने शोध घ्यायला लोकेशनही चालू लागतं. १३ पासून ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आली. ‘फाइल पाठवायला लोकेशन कशाला’ हा प्रश्न वाचक विचारणारच, तेव्हा कारण द्या : आजूबाजूच्या वायफायच्या नावांवरून जागा ओळखता येते, म्हणून तो शोध लोकेशनच्या परवानगीखाली ठेवला होता.

प्रतिसाद ४

मिररिंग आणि कास्टिंग यांत खरा घोळ आहे, त्यावर जरा सविस्तर.

मिररिंगला ‘प्रतिबिंब’ शब्द दिसायला सुंदर आहे, पण आरशातल्या प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, इथे उलटत नाही. पुन्हा सेल्फी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येही ‘मिरर’ असतो आणि तिथे खरोखरच उलटतं. ‘स्क्रीन *जसाच्या तसा* दाखवणे’ म्हणावं. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि पी दाबल्यावर ‘डुप्लिकेट’ आणि ‘एक्स्टेंड’ असे पर्याय येतात. त्यांना ‘जसाच्या तसा’ आणि ‘वाढीव’ म्हणता येईल. वाढीव स्क्रीनवर नेलेली खिडकी पहिल्यावर दिसत नाही, आणि जोडणी तुटल्यावर ती कुठे गेली म्हणून माणूस शोधत बसतो, तेव्हा हा फरक शब्दांतच दिसलेला बरा.

मिराकास्ट हे २०१२ पासूनचं मानक जसाच्या तसा दाखवण्याचं. फोन किंवा लॅपटॉप आपल्या स्क्रीनचं चित्र सतत दाबून लहान करतो आणि परस्पर वायफायवरून टीव्हीकडे पाठवत राहतो. बॅटरी त्याची जाते, उशीरही थोडा जाणवतो, आणि आलेली सूचना, आलेला निरोप सगळं टीव्हीवर दिसतं.

कास्टिंग उलटं आहे. तिथे फोन टीव्हीला फक्त ‘अमुक व्हिडिओ या पत्त्यावर आहे’ असं सांगतो आणि टीव्ही तो इंटरनेटवरून *स्वतः* आणतो. फोन पुढे रिमोटसारखा उरतो, दुसरं काम करता येतं. म्हणजे ‘प्रक्षेपण’ हा शब्द इथे लागूच होत नाही, फोन काही फेकत नाही. बोलताना लोक म्हणतात तेच घ्या : ‘टीव्हीवर *लावणे*’. व्हिडिओ टीव्हीवर लावा, स्क्रीन टीव्हीवर दाखवा. दोन क्रियापदं वेगळी ठेवली की इंटरनेट कधी लागतं आणि कधी नाही, हे समजावणं सोपं जातं. घोटाळ्याची जागा अशी की काही मेनूंत जसाच्या तसा दाखवण्याच्या बटणावरही ‘कास्ट’च लिहिलेलं असतं. सूचना लिहिताना बटणाचं नाव अवतरणात ठेवा, क्रिया मराठीत सांगा : ‘कास्ट’ दाबून स्क्रीन दाखवा.

मिराकास्ट जुळत नसेल तर या क्रमाने पाहावं. लॅपटॉप वायरने नेटला जोडलेला असला तरी वायफाय *चालू* हवं, ते कुठल्या राउटरला जोडलेलं नसलं तरी चालतं. मग डीएक्सडायग हे विंडोजमधलं तपासणीचं साधन चालवून सगळी माहिती साठवावी, त्या मजकुरात ‘मिराकास्ट’ची ओळ असते, तिथे ‘अव्हेलेबल’ नसेल तर पुढे खटपट करण्यात अर्थ नाही. त्यानंतर व्हीपीएन (नेटची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवणारी सोय) बंद करून पाहावं, आणि फायरवॉल (येणारी-जाणारी वाहतूक गाळणारं संरक्षण) मिराकास्टला लागणारं ७२३६ क्रमांकाचं दार, म्हणजे पोर्ट, अडवत नाही ना हे बघावं. जुळतं पण चित्र अडखळतं, तेव्हा पुष्कळदा कारण चॅनेलचं, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्याचं असतं : राउटर एका चॅनेलवर, टीव्हीशी जोडणी दुसऱ्या, आणि वायफायचा एकच रेडिओ दोन्हीकडे आळीपाळीने धावतो. थोडा वेळ राउटरपासून तोडून पाहिलं की कळतं. चित्रपटाच्या जागी फक्त काळा चौकोन दिसला तर तो बहुधा बिघाड नसतो, नक्कल रोखणारं संरक्षण असतं.

प्रश्नकर्त्याकडून

मसुदा असा केला : ‘दोन्ही फोनमध्ये वायफाय चालू करा. यजमान फोन शोधा. ओळख करून द्या. फाइल पाठवा.’ टेदरिंगचा (फोनचं इंटरनेट दुसऱ्या उपकरणाला देण्याचा) उल्लेखही करावा का?

प्रतिसाद ३

टेदरिंग वगळा. ‘टेदर’ म्हणजे दावं, आणि तिथे फोनच्या दाव्याला बांधला जातो तो इंटरनेट मागणारा लॅपटॉप. परस्पर जोडणीत इंटरनेट मिळेलच असं नाही, एकत्र लिहिलं तर तीच अपेक्षा तयार होईल.

‘यजमान फोन शोधा’ ही ओळ काढा. यजमान आतल्या आत ठरतो, वापरणाऱ्याला तो दिसत नाही. त्याला यादीत उपकरणाचं नाव दिसतं, किंवा साध्या वायफायच्या यादीत ‘डायरेक्ट-’ने सुरू होणारं नाव. तेव्हा असं लिहा : ‘यादीत समोरच्या फोनचं नाव दिसेपर्यंत दोन्हीकडे हाच स्क्रीन उघडा ठेवा.’ एका फोनवर शोध चालू आणि दुसऱ्याचा स्क्रीन बंद, असं असलं तर नाव येतच नाही.