अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी यांच्या स्वाक्षऱ्या : पहिली वस्तू कोणती घ्यावी?

प्रश्न
नमस्कार. अमेरिकेच्या जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या स्वाक्षऱ्या जमवण्याचे फार दिवसांपासून मनात आहे. मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचे नाव असलेली १८३८ सालची जमिनीची सनद विक्रीस आहे. सुरुवात तिनेच करावी का? आणि पत्नींच्या स्वाक्षऱ्या मिळतात का?

पहिले उत्तर
स्वाक्षरी म्हणून ती सनद घेऊ नका. पूर्वी प्रत्येक सनदेवर अध्यक्ष स्वतः सही करत. परंतु सनदांची संख्या आवरेनाशी झाल्यामुळे मार्च १८३३ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा करून अँड्र्यू जॅक्सन यांना या कामासाठी सचिव नेमण्याची मुभा दिली. त्यानंतरच्या सनदांवर अध्यक्षांचे नाव दिसते खरे, पण ते सचिवाच्या हातचे असते, आणि खाली सचिवाचेही नाव असते. सनद म्हणून ती जपण्याजोगी आहे, माझ्याकडेही अशी एक आहे. मात्र ती व्हॅन ब्यूरेन यांची स्वाक्षरी नव्हे. त्याऐवजी जेम्स मन्रो किंवा जॉन क्विन्सी ॲडम्स या आधीच्या अध्यक्षांच्या कारकिर्दीतील सनद शोधा.

दुसरे उत्तर
पत्नींच्या स्वाक्षऱ्या मिळतात, पण उपलब्धतेत फार तफावत आहे. मार्था वॉशिंग्टन यांनी पतीशी झालेला जवळजवळ सर्व पत्रव्यवहार जाळून टाकला, आणि मार्गारेट टेलर यांचे हस्ताक्षर तर अतिशय दुर्मीळ आहे. याउलट, १८८६ मध्ये व्हाइट हाउसमध्येच अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्याशी विवाह झालेल्या फ्रान्सेस क्लीव्हलँड १९४७ पर्यंत हयात होत्या, त्यामुळे त्यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे. १९१३ मध्ये त्यांनी पुनर्विवाह केला. सहीत प्रेस्टन हे आडनाव असेल, तर ती त्यानंतरची समजावी.

मला मात्र सर्वांत प्रिय आहेत ते लिफाफे. अध्यक्षांच्या विधवांना काँग्रेस विनामूल्य टपालाची सवलत देत असे (मार्था वॉशिंग्टन यांना ती १८०० मध्ये मिळाली), आणि तिकिटाच्या जागी त्यांची सही असे.

तिसरे उत्तर
विसाव्या शतकाकडे वळाल तेव्हा सही करणाऱ्या यंत्राचे भान ठेवा. जॉन केनेडी यांच्या नावाने यंत्राने आणि सचिवांनीही पुष्कळ सह्या केल्या आहेत. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून दोन नमुने एकमेकांवर ठेवून रेघ न् रेघ जुळली, तर ती यंत्राची समजावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. ती सनद घेत नाही. पहिली वस्तू म्हणून फ्रान्सेस क्लीव्हलँड यांची १९१३ पूर्वीची सही शोधतो.