फोटोंची पेटी सगळ्यात शेवटी

उतारवयात घरातला पसारा कमी करताना "वस्तूचा फोटो काढून ठेवा आणि वस्तू देऊन टाका" असा सल्ला देतात. तो पटला, पण सुरुवात पत्रांच्या आणि फोटोंच्या पेटीपासून करू नका हो. मी तीच चूक केली, सकाळी पेटी उघडली आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून पत्रंच वाचत होते, घराबाहेर काय गेलं तर एक रिकामं पाकीट! आधी चादरी, जुने चार्जर, बिलं असलं काढायचं, हात जरा सैल झाला की मग आठवणींना हात घालायचा.

स्वीडिश भाषेत या आवराआवरीला चक्क एक शब्द आहे, त्याचा अर्थ मरणाआधीची साफसफाई. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण मागे राहणाऱ्यांवर ढीग सोडायचा नाही एवढाच मुद्दा.

घाई फक्त व्हिडिओ कॅसेटची करा. टेप नुसती पडून पण खराब होते आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या माहीत असलेल्या कंपनीने, जपानच्या फुनाईनेही, २०१६ मध्ये ते बनवणं बंद केलं, त्यामुळे चालणारं मशीन मिळतंय तोवर डिजिटल करून घ्या. जे फोटो ठेवाल त्यांच्या मागे नावं लिहा, मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आणि मुलांना काय हवंय ते गृहीत धरू नका, सरळ विचारा. मी इतकी वर्षं जपलेला डिनर सेट मुलीला नकोच होता, तिने मागितलं काय, तर बाबांच्या चष्म्याचं घर, तेही बिजागरी तुटलेलं. मी ते टाकायच्या पिशवीत घातलं होतं.