‘चार धरणं असताना भूजलाचं कौतुक कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी

टेकडीवाली

गेले तीन दिवस सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेच्या, अशा तिन्ही व्हॉट्सॲप गटांवर एकच लेख फिरतोय. कुणा निवृत्त अभियंत्याचा. म्हणणं असं, की खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून पुण्याच्या डोक्यावर 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे. मग टेकड्या फोडल्या की झरे आटतील ही ओरड म्हणजे सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांनी आपली हवा राखायला काढलेलं निमित्त. आणि भूजल हा म्हणे ‘खेड्यातला विषय’.

पहिल्या दिवशी गप्प बसले. तिसऱ्यांदा आल्यावर राहवलं नाही.

काका, ते 29 टीएमसी एकट्या पुण्याचं नाही. कालव्याच्या खाली दौंड आहे, इंदापूर आहे, दर उन्हाळ्यात आवर्तनावरून, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीवरून, भांडणं होतात ती तुम्ही पेपरात वाचतच असाल. आणि 2021 च्या जूनमध्ये 23 गावं महापालिकेत आली. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, वाघोली. हद्द आली, नळ कुठाय? तिथला माणूस टँकरचं पाणी पितो. टँकर भरतो कुठे? बऱ्याचदा पलीकडच्या गावातल्या विहिरीवर नाहीतर बोअरवर. म्हणजे भूजलच ना?

आपल्याकडे खाली वाळू नाही, काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या छिद्रांत आणि कातळाच्या भेगांत. वेताळ टेकडीवर, बावधनच्या डोंगरावर पडलेला पाऊस तिथून मुरतो आणि पायथ्याला झरा होऊन निघतो. रामनदी खाटपेवाडीहून निघून भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते, तिला पावसाळ्यानंतर जो काही जीव असतो तो या झऱ्यांचा. (बाकी सगळं मैलापाणी. त्यावर बोलायला लागले तर रात्र जाईल.)

लोक फक्त बोअरला शिव्या देतात. मला बेसमेंटबद्दल बोलायचंय. आमच्या समोर रीडेव्हलपमेंट झाली, दोन मजली तळघर पार्किंग. खोदताना मुरूम कापला, पाणी लागलं, मग पंप. चौदा महिने दिवसरात्र पंप, आणि सगळं पाणी पाइपानं नाल्यात. आमची तीस फुटी विहीर आम्ही राहायला आल्यापासून कधी आटली नव्हती. पुढच्या एप्रिलात तिचा तळ दिसला. तळाशी माझ्या सासूबाईंचा पितळी गडू सापडला, एवढाच काय तो फायदा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. टेकडी आणि टेकडीचा पायथा, जिथे पाणी मुरतं तिथे खोदाई नको. बाकी शहरभर काय बांधायचं ते बांधा.

बावधनचा सेक्रेटरी

ताई, सोसायटी कोणत्या सालची तुमची? कोथरूडची दिसते, म्हणजे 80-85 ची असणार. तेव्हा तिथे शेतं होती आणि पायथाही हाच होता. तुमच्या पायाच्या खड्ड्यात झरे नव्हते का? स्वतः आत आल्यावर दार लावून घ्यायचं, याला निसर्गप्रेम म्हणायचं?

मी 212 फ्लॅटचा सेक्रेटरी आहे, मानधन शून्य, शिव्या भरपूर. एप्रिलात रोज नऊ टँकर. घर घेताना बिल्डरनं हमीपत्र दाखवलं होतं, की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी तो देणार. ताबा मिळाल्यावर तो फोन उचलत नाही. मी भूजल वाचवू का रात्री साडेअकराला टँकर आला नाही म्हणून ओरडणाऱ्या 212 बायकांना तोंड देऊ?

टेकडीवाली

212 *बायका*? पाणी नसलं की पुरुष अंघोळ करत नाहीत वाटतं तुमच्याकडे.

बावधनचा सेक्रेटरी

बरं, माणसं. मुद्द्याचं बोला.

मुळशीचा

मुद्द्याचं मी बोलतो. टेकडी टेकडी करताय, ती टेकडी कुणाची आहे? आमच्या आज्याची साडेतीन एकर उतारावर. बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण पडलं आणि मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क. त्यात माझ्या मुलीचं लग्न तरी होईल का? शेजारी खाली सपाटीवर ज्याची जमीन होती तो आज दोन गाड्या उडवतो. पाऊस माझ्या रानात मुरतो आणि कोथरूडच्या विहिरीत निघतो म्हणता ना? मग मुरवल्याचं भाडं द्या मला. फुकटात झरे पाहिजेत सगळ्यांना.

टेकडीवाली

दादा, हे मात्र मला मान्य आहे. मोबदला नीट मिळायलाच हवा.

मुळशीचा

मान्य सगळ्यांनाच असतं. चेक कुणी काढत नाही.

कातळ

भूशास्त्राची पदवी अर्धवट सोडलेला माणूस आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

ताईंचं बेसमेंटचं म्हणणं बरोबर, पण एक घोळ आहे. वेताळ टेकडीचं पाणी वाघोलीला जात नाही. दख्खनच्या कातळात असा एक मोठा सलग साठा नसतोच, छोटे छोटे कप्पे असतात. एका लाव्ह्याच्या थरावर दुसरा, मधे कुठे गेरूचा तांबडा थर. त्यामुळे ‘पुण्याचं भूजल’ असं म्हणण्यात अर्थ नाही. बावधनचं बावधनला, पाषाणचं पाषाणला. वाईट बातमी अशी, की म्हणूनच ते पटकन संपतं. चांगली अशी, की एका खोऱ्यातल्या वीस सोसायट्यांनी ठरवलं तर दोन पावसाळ्यांत फरक दिसू शकतो.

सेक्रेटरी साहेब, तुमच्या बोअर किती आणि किती खोल?

बावधनचा सेक्रेटरी

सहा. चार कोरड्या, नुसता धुरळा. शेवटची 450 फूट, तिला दीड इंच पाणी लागलं. ती जागा पाणाड्यानं, जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या माणसानं, दाखवली होती. आधीच्या पाच यंत्रवाल्यानं. आता बोला.

कातळ

झालं. आला नारळ.

बावधनचा सेक्रेटरी

हसा. मी स्वतः बी.ई. आहे, मीही हसलो होतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला.

कातळ

जागा नाल्यापासून किती लांब होती?

बावधनचा सेक्रेटरी

चाळीसेक फूट. त्याचा काय संबंध?

कातळ

😀

मुळशीचा

हसायचं काम नाही. आमचा चुलता पायाळू होता. जन्मतानाच पाय आधी आलेले. गावात सात विहिरी त्यानं दाखवल्या, सातही लागल्या. अनवाणी चालायचा, पाणी असेल तिथे पिंढऱ्यांत मुंग्या येतात म्हणायचा. एक पैसा घेतला नाही कधी, फक्त विहिरीला पाणी लागलं की पुरणपोळीचं जेवण.

कातळ

भाऊ, तुमच्या चुलत्यांनी चाळीस वर्षं तेच रान पायाखाली घातलं होतं. उंबर कुठे, वारूळ कुठे, उन्हाळ्यात हिरवं काय राहतं, हे त्यांना ठाऊक होतं. वराहमिहिरानं बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिलाय, त्यातही झाडं आणि वारुळं आहेत. नारळ नाही. चुलत्यांचा मान ठेवून सांगतो, पिंढऱ्यांतल्या मुंग्या ही त्यांची विनयशीलता होती.

मुळशीचा

म्हणजे माझा चुलता खोटारडा?

कातळ

हुशार म्हणालो हो!

शनवारातला

पाणाड्यांवरून आठवलं. आमच्या वाड्यात विहीर होती, रहाटासकट. 1961 साली 12 जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, नळ कोरडे पडले, तेव्हा पेठांना या विहिरींनी पाणी पाजलं. आजी सांगायची, उपसायला रांग असायची आणि कुणी जात विचारली नाही, निदान त्या आठवड्यात. धरणं आहेत म्हणणाऱ्या त्या अभियंत्याला हे सांगा कुणीतरी. नंतर वाडा पडला, बिल्डरनं विहिरीत सगळा राडारोडा लोटला आणि वर लिफ्ट बसवली. पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतं. दरवर्षी. बिल्डर म्हणतो ‘लीकेज’ आहे. अरे लीकेज कसलं, विहीर आहे ती!

टँकरवाल्याचा पुतण्या

सगळ्यांनी टँकरला शिव्या घालून झाल्या असतील तर एक बोलू? काकांच्या चार गाड्या आहेत. विहीर आमच्या स्वतःच्या शेतातली. ऊस मोडला, पाणी विकतो. उसाला गेलं असतं तर तुम्ही काहीच बोलला नसतात. सोसायट्या तीन-तीन महिने बिलं थकवतात आणि वर पाणी गढूळ म्हणून फोटो पाठवतात.

टेकडीवाली

गढूळ तर गढूळ. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुणे परिसरात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, दोनशेवर रुग्ण झाले, त्यातले बरेच सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागातले, ते विसरलात? नांदेड गावच्या विहिरीचं पाणी तेव्हा चर्चेत होतं. विहीर काही वाईट नव्हती. भोवती हजारो फ्लॅट झाले आणि मैलापाण्याची सोय मागे राहिली. माझा भाचा तिकडे राहतो, महिनाभर रोज सकाळी उठल्यावर पायाची बोटं हलवून बघायचा. आणि लेख म्हणतो खेड्यातला विषय!

टँकरवाल्याचा पुतण्या

मग क्लोरीन कुणी टाकायचं, आम्ही का पालिकेनं? ते आधी सांगा.

बावधनचा सेक्रेटरी

मूळ प्रश्नावर या हो. खोदाई बंद म्हणजे घरं महाग. माझा धाकटा भाऊ नाशिकहून येऊन आयटीत लागलाय, त्यानं राहायचं कुठे? 2016 ला उच्च न्यायालयानं बाणेर-बालेवाडीतल्या नव्या परवानग्या पाण्यापायी थांबवल्याच होत्या. पुढे काय झालं? आज तिथे जाऊन बघा, आकाश दिसतं का. बंदीनं काही होत नाही.

कातळ

बंदी नको, कायदा तरी पाळा. भूजलाचा कायदा 2009 चा, लागू झाला 2014 ला. 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला तो ‘खोल विहीर’ म्हणतो. तुमची 450 फूट म्हणजे दुपटीहून जास्त. वरच्या मुरमातलं पाणी एका पावसाळ्यात भरतं. खालच्या भेगांतलं कधी भरतं ते पाणाड्याला विचारा.

बावधनचा सेक्रेटरी

टोमणे बास. मी कुणाच्या घरचं चोरत नाहीये.

टेकडीवाली

चोरताय. माझ्या नाही, खालच्या सोसायटीच्या. आणि वरच्या सोसायटीवाले तुमच्या तोंडचं. तुमच्याकडे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा, पुनर्भरणाचा खड्डा आहे का? त्याशिवाय भोगवटा पत्र मिळालं नसेल.

बावधनचा सेक्रेटरी

आहे की. रेनवॉटर हार्वेस्टिंग दाखवून मिळकत करात पाच टक्के सवलत घेतो आम्ही.

टेकडीवाली

शेवटचा कधी उघडला?

बावधनचा सेक्रेटरी

बघून सांगतो.

मुळशीचा

कागदावर बघणार का जागेवर?

कातळ

आणि बघालच तर गच्चीचं पाणी थेट त्या कोरड्या बोअरमध्ये सोडू नका. आधी खडी-वाळूचा गाळ-खड्डा करा. नाहीतर पारव्यांची घाण साडेचारशे फुटांवर पोचवाल.

शनवारातला

पारव्यांचा विषय काढलातच तर…

टेकडीवाली

नका काढू. हात जोडते.

बावधनचा सेक्रेटरी (चार दिवसांनी)

वॉचमनला घेऊन आज खड्डा शोधला. नकाशात क्लबहाउसच्या मागे आहे. जागेवर तीन दुचाक्यांचं पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक. ब्लॉक काढले. आत विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. गच्चीवरून येणारा पाइप खड्ड्याच्या दोन फूट अलीकडेच संपतो, पुढे जोडलेलाच नाही. पाच वर्षं मी त्यावर सवलत घेतोय. टेकडीचं मला अजूनही पटलेलं नाही, भावाला घर लागणारच आहे. पण पाइप जोडायला प्लंबर उद्या येतोय. तीन दुचाकीवाले माझ्याशी बोलत नाहीत.

कातळ

शाबास. आणि सातवी बोअर?

बावधनचा सेक्रेटरी

कमिटीत ठराव झालाय, माझ्या एकट्याच्या हातात नाही. पावसाळ्यापर्यंत ढकललीय.

मुळशीचा

मग नारळाचं काय केलं?

बावधनचा सेक्रेटरी

बायकोनं सोलकढी केली.