आईची चक्कर, कमी ऐकू येणं आणि ऊन, काही संबंध आहे का?

खान्देशी_पोर:
नमस्कार मंडळी. आई ६२ वर्षांची, जळगावला असते. काही महिन्यांपासून कूस बदलली की घर गरगर फिरतं म्हणते, आणि टीव्हीचा आवाज तर पार गल्लीत ऐकू जाईल एवढा लागतो आता. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११ आलंय, जळगावच्या उन्हात राहून ११, मला पटतच नाहीये. मावशी म्हणते रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसव, कान सुधारतील. खरंच होतं का असं काही?

ऑडिओ_पुणे:
दादा, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. या दोन तक्रारी वेगवेगळ्या धरा. कूस बदलल्यावर काही सेकंद गरगरणं हे बऱ्याचदा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागेवरून सुटल्यामुळे होतं, त्याला बीपीपीव्ही म्हणतात, आणि त्याने ऐकू येणं कमी होत नाही. म्हणजे टीव्हीच्या आवाजाचं कारण दुसरं असणार, त्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कराच, अर्ध्या तासाचं काम आहे. खड्यांसाठी डॉक्टर डोकं ठराविक दिशेने फिरवून खडे जागेवर नेतात, पण व्हिडिओ बघून घरी करू नका, कुठल्या कानात आहेत ते आधी कळावं लागतं.
आता व्हिटॅमिन डी. २०२० साली कोरियात ९५७ पेशंटवरचा अभ्यास आला, ज्यांचं डी २० च्या खाली होतं त्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० युनिट डी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, चक्कर परत येण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. त्यामुळे आईचं ११ अंगावर काढू नका, डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. ऐकण्याबाबत इतका भक्कम पुरावा नाही. डी फारच कमी असेल तर कॉक्लियाभोवतीच्या (आतल्या कानातला ऐकण्याचा शंखासारखा भाग) हाडावर परिणाम होऊ शकतो असं म्हणतात, पण वयामुळे आतल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्या असतील तर त्या उन्हाने परत येत नाहीत.

सोलापूर_शेतकरी:
मावशींना सांगा सातच्या उन्हात डी जवळजवळ मिळतच नाही, त्याला लागणारे यूव्हीबी किरण सूर्य वर आल्यावर येतात, आणि काचेच्या खिडकीआड बसलं तर तेही अडतात. हिवाळ्यात अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसवा, एप्रिल-मेमध्ये मात्र आपल्याकडे नको, उष्माघात व्हायचा. आणि कानाचं मशीन लागलंच तर ते उन्हापासून जपा. माझ्या वडिलांना आहे, शेतात घामाने आतली नळी ओली होते, आवाज चिरका यायला लागतो मग. रात्री सेलचं झाकण उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवतो, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

नर्स_माई:
एक राहिलं, बाळा. एका कानाने अचानक, म्हणजे एक-दोन दिवसांत ऐकू येणं गेलं तर ऊन आणि गोळ्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी ईएनटीकडे न्यायचं, त्यात उशीर महागात पडतो. तसंच कानाच्या पाळीवर बरी न होणारी खपली असेल तर तीही दाखवा, वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांच्या कानाच्या कडेला कॅन्सर होऊ शकतो.

खान्देशी_पोर:
मनापासून आभार सगळ्यांचे. अचानक असं काही नाही, हळूहळू वाढलंय. शनिवारी ईएनटीकडे नेतोय, ऑडिओमेट्री तिथेच होते म्हणाले. चक्कर कुठल्या कुशीवर जास्त येते ते आईला लक्ष ठेवायला सांगितलंय, ती म्हणते उजव्या.