ब्रिटनचा व्हॅट 20 टक्के, न्यूझीलंडचा जीएसटी 15 टक्के. मग उत्पन्नाचे चित्र उलटे कसे?

मूळ प्रश्न

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी उपभोग करांवर टिपण लिहिताना एका जागी अडलो आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी 2011 पासून व्हॅटचा मुख्य दर 20 टक्के आहे आणि न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर 2010 पासून जीएसटी 15 टक्के आहे. तरीही ब्रिटनला या करातून जीडीपीच्या सुमारे 7 टक्के उत्पन्न मिळते, तर न्यूझीलंडला 9 टक्क्यांहून अधिक. तिकडचे लोक मिळकतीच्या मानाने जास्त खर्च करतात, असे समजावे का?

प्रतिसाद 1 (ऑकलंडहून)

खर्चाच्या सवयींत एवढी तफावत नाही; कर कशाकशावर लागतो, यात आहे. येथे न्यूझीलंडमध्ये पाव, दूध, भाजी, मुलांचे कपडे, पुस्तके या सगळ्यांवर सरसकट 15 टक्के लागतात. घरभाडे आणि बहुतेक वित्तीय सेवा सोडल्या, तर सुटणारे फारसे काही उरत नाही. पालिकेच्या मालमत्ता करावरसुद्धा जीएसटी आहे, म्हणजे करावर कर. नवीन आलेल्या माणसाला ते बिल दोनदा वाचावे लागते. मी ज्या वाणसामानाच्या दुकानांचे हिशेब लिहितो, तेथे विक्रीच्या एकूण रकमेला 3 ने गुणून 23 ने भागले की त्यातला कर निघतो: 115 डॉलरमागे 15. कोणता डबा कोणत्या दरात बसतो, हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रतिसाद 2 (ब्रिटनमधील लेस्टरहून)

आमच्याकडे नेमका तोच प्रश्न दिवसभर पुरतो. बहुतेक खाद्यपदार्थ, पुस्तके आणि मुलांचे कपडे शून्य दरात आहेत. शून्य दर म्हणजे नुसती करमाफी नव्हे. विक्रेता ग्राहकाकडून काही घेत नाही, शिवाय स्वतःच्या खरेदीवर भरलेला व्हॅट सरकारकडून परत घेतो. केक शून्य दरात, पण चॉकलेट लावलेले बिस्किट 20 टक्क्यांत. त्यामुळे जाफा केक हा चॉकलेट लावलेला छोटा खाऊ केक की बिस्किट, हा वाद 1991 मध्ये न्यायाधिकरणापुढे गेला. शिळा झाल्यावर तो बिस्किटासारखा मऊ न पडता केकसारखा कडक होतो, हाही एक मुद्दा तेथे विचारात घेतला गेला आणि निकाल केकच्या बाजूने लागला. असली प्रत्येक सवलत तिजोरीला किती महाग पडते, ते आपल्या आकड्यांत दिसतेच आहे.

प्रतिसाद 3

टिपणात दरांची तुलना न देता ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) वापरते ते गुणोत्तर द्यावे, असे सुचवतो. देशातल्या सगळ्या अंतिम उपभोगावर मुख्य दराने कर लागला असता तर जेवढी रक्कम जमली असती, तिच्याशी प्रत्यक्ष वसुलीचे प्रमाण काढायचे. न्यूझीलंडमध्ये ते 1 च्या जवळपास जाते. ब्रिटनमध्ये निम्म्याच्या आसपास घुटमळते. मात्र न्यूझीलंडचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तेथे सरकारी खाती आणि पालिका यांच्या सेवाही जीएसटीच्या कक्षेत आहेत, त्यामुळे वसुलीचा काही भाग सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो आणि गुणोत्तर फुगते.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. पण पावावर आणि दुधावर कर लावल्यास गरिबाचे काय?

प्रतिसाद 1 (ऑकलंडहून)

भार पडतो, हे खरेच आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये हा कर 10 टक्क्यांनी सुरू झाला तेव्हा अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी पाव वगळण्याऐवजी अल्प उत्पन्न गटांची सरकारी मदत वाढवण्याचा मार्ग धरला. त्याच वेळी प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दरही 66 वरून 48 टक्क्यांवर आणला गेला, म्हणजे श्रीमंतांनाही त्यातून बरेच मिळाले. फळे आणि भाज्यांवरचा जीएसटी काढावा, ही मागणी येथे आजही निवडणुकीत डोके वर काढते. मला स्वतःला मदत थेट हातात देणे अधिक पटते, कारण भाजीवरची सवलत महागडी भाजी घेणाऱ्यालाच जास्त मिळते. पण ती मदत महागाईबरोबर वाढत राहिली तरच.