झूम मोठा की सेन्सर मोठा?

पक्षी आणि घरचे समारंभ टिपायला ४० पट झूमचा कॅनन एसएक्स७४० हा छोटा कॅमेरा घ्यावा की सोनी आरएक्स१०० मार्क ७, असा प्रश्न आहे. झूमच्या आकड्यावर जाऊ नका. कॅननचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) साधारण ६.२ × ४.६ मिमी, सोनीचा १३.२ × ८.८, क्षेत्रफळ चौपट, म्हणजे प्रकाशही जास्त! त्यात पूर्ण झूमला कॅननचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ६.९ वर येतं, म्हणजे प्रकाश आणखी कमी. मग संध्याकाळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढतो आणि त्यामुळे येणारा नॉइज (फोटोतले दाणे) काढताना पक्ष्याच्या पिसांचे बारकावेही पुसले जातात. भर उन्हात, दूरच्या पक्ष्याला मात्र कॅननच बरा. सोनीचा झूम २०० मिमीलाच थांबतो, तेवढा दूर पोचत नाही. घरातल्या समारंभाला सोनीच. जास्तीची बॅटरी हवीच. आणि दोन्ही पाउचमध्येच ठेवा: बाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या फटीतून धूळ शिरली, तर ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो.