देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला सांगत का नाहीत?

प्रश्न – वॉर्ड_समाजसेविका
किडनी मिळालेल्या रुग्णाचे घरचे हमखास म्हणतात, "नाव तेवढं सांगा, साडी-नारळ तरी देऊन येतो. फुकट घेतल्याची टोचणी लागते." मृत दात्याकडचे विचारतात, "आमच्या माणसाचं हृदय कोणाला बसवलं?" काय सांगावं?

कोऑर्डिनेटर_पुणे
नाव नाहीच. पण 'नियम आहे' म्हणून हात झटकू नका. फॉर्म 8 वर, म्हणजे नातेवाइकांच्या संमतीपत्रावर, सही झाली की अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीप्रमाणे जातो. कोणाला द्यायचा हे नातेवाईक ठरवत नाहीत. म्हणजे घेणाऱ्याला तो यादीतून मिळालेला असतो. आज साडी-नारळ, उद्या पोराची फी. अवयवाच्या बदल्यात पैसे म्हणजे अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीनुसार 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड. आभाराचं पत्र केंद्राला विचारूनच, नाव-गाव-तारीख गाळून. नाव फुटतं ते बहुतेक ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. दोन्ही घरांना वेगवेगळ्या मजल्यावर बसवा.

आयसीयू_नोंदवही
दात्याकडच्यांची खरी जखम बिलात असते. संमतीनंतर अवयव टिकवायला लागणारा खर्च त्यांच्या माथी मारायचा नाही, याच कायद्याच्या 2014 च्या नियमांत स्पष्ट आहे. संमतीची वेळ लिहून बिलात तिथे रेघ ओढा. उलट, संमतीआधी बिलमाफीचं बोललात तर तो मोबदला झाला. आणि मेंदूमृत्यूच्या (मेंदूचं काम कायमचं थांबल्याच्या) दोन तपासण्यांत किमान 6 तास जातात. निदान पक्कं होण्याआधी अवयवाचा विषय काढलात की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी आशा सोडली ती किडनीसाठी.

किडनी_ओपीडी
जिवंत दात्याचं कोणी लिहिलं नाही. तिथे नाव माहीत असतं, म्हणून ओझं जास्त. बायको, आई, बहीण देते. नवऱ्याने दिल्याची उदाहरणं त्या मानाने कमी. तिला एकटीला बसवून विचारा, सासू-दीर बाहेर. "नको" म्हणाली तर घरच्यांना एवढंच सांगायचं: वैद्यकीयदृष्ट्या जमणार नाही.
नंतरची कुरबूर गोळ्यांवरून. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, दर 12 तासांनी. औषधाची रक्तातली लेव्हल बघायचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. रुग्ण गोळी घेऊन येतो, आकडा फुगतो, आणि किडनी दिलेली बहीण त्याच्यावर पहारा ठेवायला लागते. "माझी किडनी आहे ती, नीट सांभाळ." गोळीची आठवण मोबाइलच्या गजराकडे सोपवा, बहिणीकडे नको.